तिसरी कॉइल

गवत कापता कापता ट्रॅक्टर बंद पडला तो हॅल्व्होरसन कुटुंबाच्या कबरींपाशी, चढावर. आर्डिस सीटवरून उतरली, इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या, ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला तिने बोट लावलं आणि चटका बसताच मागे घेतलं. कॉइलच्या तोंडातून काळपट तेल ओघळून खालच्या पत्र्यावर आलं होतं. त्याचा जळक्या डांबरासारखा वास नाकात गेला. महिन्याभरात जळलेली ही दुसरी नवीकोरी कॉइल. मूळची, ट्रॅक्टरबरोबर कारखान्यातून आलेली, अठ्ठेचाळीस वर्षं चालली होती.

टेकडीवरच्या चर्चच्या कबरस्तानातलं गवत ती अकरा वर्षं कापत आली होती. आधी ते काम तिच्या नवऱ्याचं, गॉर्डनचं; त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने कुणी न सांगता स्वतःकडे घेतलं. आता सोमवारी मृतांचा स्मृतिदिन. गावोगावची माणसं कबरींवर ठेवायला फुलांच्या कुंड्या घेऊन येणार, आणि अर्ध्या कबरी गवतात बुडालेल्या. चर्चच्या समितीने गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं की तोवर गवत कापून झालं नाही, तर काम शेजारच्या गावातल्या ठेकेदाराकडे देऊ. त्याचं भलंमोठं यंत्र आर्डिसने पलीकडच्या चर्चच्या आवारात पाहिलं होतं. तिथे घटसर्पाने गेलेल्या पोरांच्या पातळ संगमरवरी पाट्यांचे कोपरे उडाले होते आणि टवके गवतात तसेच पडलेले होते. कुणी ते उचललेही नव्हते.

ट्रॅक्टर थंड झाल्यावर तिने तो कसाबसा घरी आणला. गॉर्डन गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून सांगत होता आणि ती करत होती. ठिणगीच्या वेळा सांभाळणाऱ्या पॉइंटवरचं झाकण काढलं, तर दोन्ही टोकं काळी पडून खड्डे पडलेली. मग कॉइल करंटला किती अडवते ते मोजायला त्याने मीटर लावायला सांगितलं. काटा दीड ओहमवर थांबला.

"चारच्या आसपास हवा," गॉर्डन म्हणाला. "ही मोटारीची कॉइल आहे गं. मोटारीत हिच्या आधी करंट अडवायला वेगळा रेझिस्टर असतो, आपल्याला तो कुठाय? ही नुसती घटाघटा करंट पितेय. स्वतः जळते आणि पॉइंटही जाळते."

वर बारा व्होल्ट लिहिलंय तेवढं बघून लीलंडने दिली असेल, असं तो पुढे म्हणाला. लीलंड क्वामचं सुट्या भागांचं दुकान गावात एकच. आर्डिसने फडक्याने कॉइल पुसली, तर दुकानाचं किमतीचं पिवळं लेबल तेलाने सुटून आलं. खाली छापील अक्षरं होती: वेगळ्या रेझिस्टरशिवाय वापरू नये. लेबल अगदी त्या ओळीवर बसवलेलं, कडेला कड जुळवून. ते लावणारे हात दर रविवारी चर्चच्या दारात प्रार्थनेचा कागद देणाऱ्या लीलंडचेच होते. तिला शिसारी आली.

गॉर्डनने समजूत घातली. आपल्यातला माणूस आहे, उगाच बोलू नकोस, दुसरी माग म्हणजे झालं. बाहेरून मागवावी, तर यायला आठवडा लागणार आणि हातात चार दिवस. सकाळी तिने मीटर पिशवीत घातला, ती तेलकट कॉइल वर्तमानपत्रात गुंडाळली आणि निघाली.

दुकानात काउंटरच्या टोकाला नेहमीचे चार म्हातारे कॉफी कुणी पाजायची त्यावर फासे खेळत होते. लीलंडने तिला पाहून तोंडभर हसून विचारलं, पुन्हा काय झालं, एकदा वायरिंग बघून घे ना तुझ्या त्या खटाऱ्याची. तिने पुडी उघडून कॉइल त्याच्यासमोर ठेवली. वास पसरला. मग तिने हळू आवाजात सांगितलं, की दुकानात असतील तेवढ्या सगळ्या कॉइल खाली काढ.

"सगळ्या बारा व्होल्टच्याच आहेत गं," लीलंड म्हणाला.

"असू देत. काढ."

त्याने सहा काढल्या. ती मीटर लावून एकेक मोजत गेली. दीड. दीड. एक पूर्णांक चार. पुन्हा दीड. प्रत्येकीवर तेच लेबल, त्याच जागी. नखाने खरवडलं की खाली तीच ओळ. तिकडे फाशांचा आवाज थांबला होता.

त्या चौघांतला ओडेल ब्रेके खुर्ची सरकवत आला आणि कॉइलवर वाकला. "अशा दोन माझ्याही जळल्या," तो पुटपुटला. "गोठ्यामागे पडल्यात."

"मग परत का नाही आणल्यास?"

"असं कसं आणायचं बाई? त्याला वाईट वाटलं असतं ना."

दुसऱ्याने खाली बघत सांगितलं, की त्याने तर इंजिनच गेलं समजून ट्रॅक्टर भंगारात दिला. तिसऱ्याने नुसती मान हलवली. आर्डिसला आता या चौघांचीही किळस यायला लागली: जळकं सामान गोठ्यामागे फेकायचं, आणि सकाळी येऊन त्याच माणसाच्या काउंटरवर कॉफी प्यायची. मग तिला आठवलं, पहिली कॉइल जळली त्याच रविवारी लीलंडने चर्चच्या दारात ट्रॅक्टरचं विचारलं होतं, आणि ती हसून म्हणाली होती, छान चाललाय. म्हणजे तीही त्यांच्यातलीच. त्या चौघांहून वेगळं उभं राहायला तिला जागाच नव्हती.

"आजवर कुणीच तक्रार केली नाही," लीलंड म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आणि किंमत लिहायला कुठेतरी जागा लागतेच की."

तो खोटं बोलत नव्हता. कुणीच केली नव्हती.

तिने वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे उंदरांनी कुरतडलेल्या खोक्यात एक जुनी कॉइल होती, लेबल नसलेली. मोजली: तीन पूर्णांक नऊ. तिने ती घेतली, पॉइंटची नवी जोडी घेतली. लीलंड पैसे नको म्हणत होता, मनावर घेऊ नकोस म्हणत होता. तिने पूर्ण पैसे काउंटरवर ठेवले.

"लीलंड, या सहाही जिथून आल्या तिथे परत पाठव. मी उद्या येऊन फळी बघणार आहे. परवाही येईन."

आवाज चढला नव्हता, पण त्या दुकानात असं वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं. ओडेल म्हणाला, "हे जरा वेगळंच झालं." त्या गावात कुणी याहून कडक बोलत नाही.

शुक्रवारी तिने जाऊन पाहिलं. कॉइलची फळी रिकामी होती. लीलंड मागच्या खोलीत होता आणि बाहेर आला नाही.

शनिवारी ट्रॅक्टर सलग तीन तास चालला. मधे थांबून तिने कॉइलवर तळवा ठेवला. ती नुसती कोमट होती. इथेही लहान पोरांच्या पातळ पाट्या होत्या; त्यांच्याभोवती तिने पातं वर घेऊन सावकाश वळणं घेतली. शेवटच्या रांगेत लीलंडच्या आईची कबर होती. तिच्याभोवतीही तिने इतरांइतकंच नीट कापलं. दगडाच्या पायथ्याशी, जिथे पातं पोचत नाही तिथे, रानफुलांच्या तणाचे चार-पाच जाड झुबके उभे होते. दरवर्षी ती खाली उतरून ते हाताने उपटायची. दोन मिनिटंही लागत नसत. यंदा ती उतरली नाही. सोमवारी लीलंड कुंडी घेऊन येईल तेव्हा ते उपटायला त्याला स्वतःला वाकावं लागेल, असा विचार करून तिने ट्रॅक्टर फाटकाकडे वळवला.