भिंतीवरची काच

“फुटली बघ तुझी काच,” आई खाटेवरून म्हणाली.

डबा भरायचा सोडून तो भिंतीपाशी धावला. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तो कामाला होता. तिथली एक काचपट्टी त्याने भिंतीतल्या तड्यावर आडवी बसवली होती, दोन्ही टोकांना प्लास्टर लावून. भिंत हलली तर काच तडकणार, एवढी साधी परीक्षा. ‘तडा जुना आहे, वाढत नाही,’ हे घरमालकाचं ठरलेलं उत्तर. आज त्याच्या तक्रारीवरून नगरपालिकेचा अभियंता पाहणीला यायचा होता, आणि आजच पुरावा मिळाला होता.

शेजारच्या शिंपीणकाकू गळ्यात टेप तशीच ठेवून आल्या.

“काकू, आता मालक कुठे पळतो बघू!”

“तो कशाला पळेल? पळायचं आपल्याला. पलीकडच्या इमारतीतले दुरुस्ती मागायला गेले आणि खोल्या रिकाम्या करायचा हुकूम घेऊन आले. धोकादायक म्हणे! मालकाचं आयतंच फावलं.”

“मग कोर्टात जाऊ.”

“जा की. निकाल लागेपर्यंत आईला कुठे ठेवशील? माझ्या मशीनखाली?”

“नाहीतर आपणच डागडुजी करू.”

“भिंतीला हात लावलात तर बाहेर काढीन, असं तोंडावर म्हणालाय तो.”

आई हसली. “मागच्या खेपेला जिन्यावरून उतरवताना अर्धी मेले होते रे. उरलेली अर्धी राहू दे घरातच.”

प्रयोगशाळेत त्याने आजवर एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. त्याने फुटकी काच खरवडून काढली, नवी बसवली आणि ओल्या प्लास्टरवर भिंतीचीच धूळ चोळली.

अभियंत्याने वाकून पाहिलं. “कधी लावलीत ही?”

“झाले बरेच दिवस.”

“मग छान! भिंत स्थिर आहे. घाबरायचं कारण नाही.” मग जरा ओशाळून तो म्हणाला, “पण मग दुरुस्तीची सक्ती मालकावर करता येणार नाही हं.”

“हो,” तो म्हणाला.

अभियंता गेल्यावर त्याने आणि काकूंनी मिळून खाट भिंतीपासून सरकवली. कपाटाला टेकली तिथे खोली संपली. आईने हात लांब केला, तो अजूनही भिंतीला पोचत होता.

“इथून काच दिसत नाही रे.”

“असू दे.”

“फुटली की ऐकू येईल म्हणा,” आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

त्याने डबा उचलला. खोलीचं दार फुगलेलं होतं, धाडकन ओढल्याशिवाय कधी लागायचं नाही. आज त्याने ते दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि आवाज न करता हळूहळू लावलं.