गच्चीवरचं बाळंतपण

सकाळी रोपांना पाणी घालायला मालसुन गच्चीवर गेली आणि उलट्या पावली धावत खाली आली. चपला वरच राहिल्या. तिनं समोरच्या गुकभाऊंचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

"भाऊ, या लवकर! अंडी फुटली, पिल्लं आली!"

दार उघडलं. म्हातारे गुकभाऊ पायजम्यावर, दात घासायचा ब्रश तोंडात तसाच. "माझ्याआधी तू कशी पाहिलीस? बदकीण माझ्या बाजूला आहे!"

ही 'माझी बाजू' म्हणजे वेगळीच कथा होती. या चार मजली इमारतीत सगळ्यात वर दोघांचीच घरं. कोरियातल्या या तेगू शहराचा उन्हाळा आधीच जीवघेणा, त्यात डोक्यावर उघडं काँक्रीट. दिवे लागले तरी भिंती निवायच्या नाहीत. मालसुननं गच्चीवर हलकी माती पसरून गवत आणि जाड पानांची बुटकी रोपं लावायचं काढलं, तेव्हा गुकभाऊ उखडले. "माझ्या डोक्यावर शेती नको! छत गळलं तर तू येणारेस का बादल्या धरायला?" मग तिनं आपल्या घरावरची अर्धीच गच्ची हिरवी केली.

त्या उन्हाळ्यात तिचं पंख्यावर भागलं. गुकभाऊ मात्र रोज दुपारी बुद्धिबळाचा पट काखोटीला मारून 'एक डाव टाकू' म्हणत यायचे आणि तिच्या थंड फरशीवर घोरत पडायचे. पुढं मोठा पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरची शेवयांच्या दुकानातली ह्येरिन गल्लीतून ओरडली होती, "मावशी, तुमची माती पाणी पितेय, तुमच्या बाजूचा पाइप नुसता ठिबकतोय! आजोबांचा बघा, सगळं पाणी माझ्या दुकानात ओततोय!"

त्यानंतर गुकभाऊंनी मुकाट्यानं आपल्या बाजूलाही माती चढवली. आणि यंदा वसंतात रानबदकीण अंडी घालायला आली, ती नेमकी त्यांच्याच गवतात! तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

दोघं वर पोचले तोवर बदकिणीनं खाली गल्लीत झेप घेतली होती आणि ती पिल्लांना हाका मारत होती. इवलाली पिल्लं कमरेएवढ्या कठड्याशी धडपडत होती. कठडा चढणं त्यांना शक्य नव्हतं.

"मावशी!" खालून ह्येरिन किंचाळली. "ही माझ्या दारात उभी राहून आकांत करतेय!"

मालसुननं किमचीसाठी कोबी मुरवायचा रिकामा टब आणला. दोघांनी गुडघ्यांवर रांगत पिल्लं गोळा केली आणि जिना उतरले. टबातली चिवचिव ऐकताच बदकीण त्यांच्या मागोमाग निघाली. ओढा मोठ्या रस्त्यापलीकडं होता. रस्त्याशी येताच गुकभाऊ सरळ बससमोर हात पसरून उभे राहिले.

"आजोबा, मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

"आधी बाळंतिणीला जाऊ दे, मग मला तुडव!"

बस थांबली, मागच्या गाड्या थांबल्या. बसच्या खिडक्यांतून माणसं टाळ्या पिटू लागली आणि बदकीण ऐटीत रस्ता ओलांडून गेली.

ओढ्याच्या काठावर मालसुननं टब कलता केला. पिल्लं घरंगळत पाण्यात शिरली आणि लगेच पोहायलाही लागली! पण गुकभाऊंचा चेहरा उतरला.

"अकरा अंडी होती. ही दहाच आहेत."

"तुम्ही हिला थांबवा!" म्हणत मालसुन पळत सुटली. अनवाणी, साठी उलटलेली बाई, चार जिने एका दमात चढली. गच्चीवर ओणवी होऊन तिनं श्वास रोखला. चिव. पाइपाच्या तोंडापाशी, रोपांच्या जाड पानांखाली एक ओलं पिल्लू बसलं होतं. अर्धं कवच अजून पाठीला चिकटलेलं. तिनं ते ओंजळीत घेतलं. छातीशी धरल्यावर त्याचं काळीज धडधडतंय की आपलं, तिला कळेना.

ती ओढ्यावर आली तेव्हा गुकभाऊ गुडघाभर पाण्यात उभे राहून घसा फोडून "क्वॅक! क्वॅक!" करत होते. काठावर माणसं जमली होती. बदकीण पिल्लांसह पुलाखाली चालली होती, आणि या म्हाताऱ्याला झालंय तरी काय म्हणून मागं वळून बघत होती.

"सापडलं, भाऊ! सापडलं!"

मालसुननं ओंजळ पाण्यावर उघडली. पिल्लू एकदा डुचमळलं, बारीक आवाजात ओरडलं. पुलाखालून आईनं लगेच ओ दिली आणि रांग मोडून ती परत आली. पिल्लू तिच्या कुशीला जाऊन चिकटलं.

काठावर एकच गलका झाला. मालसुननं हर्षानं गुकभाऊंच्या पाठीत अशी थाप मारली, की ते मटकन पाण्यात बसले आणि बसल्या बसल्याच खदखदून हसायला लागले.