नैवेद्याला मीठ नसतं

लतिकाताई ड्युसेलडॉर्फला लेकाकडे आल्या त्या गणपतीसाठी, असं त्या सगळ्यांना सांगत. खरं काम वेगळंच होतं. यशोधननं पसंत केलेली इंता त्यांना पारखायची होती, आणि पुण्यात त्यांचे यजमान श्रीपादराव त्यांच्या होकार-नकाराकडे डोळे लावून बसले होते.

इंता लाटव्हियाची. विद्यापीठात शब्दांची कुळं शोधायची. आदल्या संध्याकाळी मटार सोलताना ती इंग्रजीत सांगत होती, "आमच्यात गोड म्हणजे 'सल्द्स'. हा शब्द मिठाच्याच मुळातून आलाय. मीठ घातलेलं ते चवदार, चवदार ते गोड. आणि कुठलंही गोड नव्हे, ते ओळखीचं, ठरलेलं गोड असेल, तर शेपूट लावून 'सल्दाइस'."

ताईंचा जन्म शाळेत संस्कृत शिकवण्यात गेला होता. "आमचं उलटं," त्या म्हणाल्या. "मिष्ट म्हणजे गोड. त्याचंच मराठीत मीठ झालं."

दोघी खूप हसल्या. पण हसणं वेगळं आणि सून करून घेणं वेगळं, असं ताईंनी स्वतःला बजावलं.

सकाळी इंतानं हट्टानं स्वयंपाक हाती घेतला. ताईंनी बजावलं, नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नाही आणि नैवेद्याला मीठ नसतं. मग त्या निवांत फुलं निवडायला बसल्या.

आरती झाली, इंतानं पानं वाढली. यशोधननं पहिला घास घेतला आणि आईकडे बघितलं. वरण अळणी, भाजी अळणी, कोशिंबीरसुद्धा अळणी.

"आल्झो..." यशोधन जर्मनमध्येच अडखळला, "म्हणजे... इंता, मीठ?"

"नैवेद्याला नसतं ना?" तिचा चेहरा उतरला.

नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, एवढंच ताईंना म्हणायचं होतं. पदार्थांत घालतातच, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. पोरीनं मात्र शब्दन् शब्द पाळला होता, बोटभरसुद्धा चाखलं नव्हतं. ताईंना स्वतःची लाज वाटली आणि तिच्याबद्दल माया दाटून आली.

त्या उठल्या, मिठाची बरणी आणली आणि इंताच्या पानात वर, मधोमध, चिमूटभर मीठ वाढलं.

"घरच्या माणसाच्या पानात हे सगळ्यात आधी वाढतात. सांगायचं माझ्याकडून राहिलं."

मग स्वतःच्या भातात मीठ कालवून त्यांनी घास घेतला. "सल्दाइस," त्या म्हणाल्या, शेपटासकट. इंता डोळे पुसत हसली.

जेवणं उरकताहेत तोच पुण्याहून फोन आला.

"काय गं, कसा झाला तिचा स्वयंपाक?"

"अळणी," ताई म्हणाल्या. "अहो, मुहूर्त बघा."