फळ्यावरचे झुंजुरके

मी एक जुना फळा आहे, आणि मित्रांनो, मी वैतागलेला फळा आहे. उल्हासनगरच्या एका सुताराने मला सागाच्या फळ्या जोडून घडवले, काळा रंग दिला आणि विठ्ठलवाडीत गुरुदत्त सरांच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये आणून टांगले. दर दिवाळीत मुले माझ्यावर कोळसा आणि पाल्याचा रस घासत. कौतुकही होई. ‘काय झकास फळा आहे,’ असे येणारे पालक म्हणत.

पण माझ्या नशिबी झुंजुरके आले. सरांचे एकच दुखणे होते. उदाहरणाच्या वाक्यात पाटील लिहिले, की वर्गातले सगळे पाटील माना वर करत. म्हणून त्यांनी कुठेतरी वाचलेले, वर्गात कोणाचेच नसलेले आडनाव उचलले, झुंजुरके. मग ‘मिस्टर झुंजुरके इज अ थीफ’, ‘मिस्टर झुंजुरके हॅज स्टोलन अ काऊ’. त्या बिचाऱ्याने माझ्या अंगावर चोऱ्या केल्या, मार खाल्ला, तुरुंग भोगला. एकदाही त्याला धड जेवू दिले नाही. मला हात असते, तर मी खडूच फेकून दिला असता.

सत्त्याऐंशी साली कुंदा झुंजुरके क्लासला आली. दहावीला इंग्रजीत गटांगळी खाल्लेली. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत सुटली नाही, तर उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या शिलाईच्या कारखान्यात बसायचे, असे घरी ठरलेले होते. पहिल्याच दिवशी तिचे नाव ऐकून वर्ग फिदीफिदी हसला. पोरे तिला विचारू लागली, “काय गं, गाय कुठे बांधली?”

ती सरांना म्हणाली, “सर, दुसरं नाव घ्या ना.”

“अगं, मनावर काय घेतेस? वाक्यातला माणूस आहे तो, खरा थोडाच आहे?”

आता काय म्हणावे या माणसाला! खरी झुंजुरके समोरच्या बाकावर डोळे पुसत होती. पण सवयीचे गुलाम, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुंदाने घरी सांगून टाकले, क्लास नको, शिलाईला बसते.

तेव्हा तिचे वडील शिवराम तिला घेऊन क्लासला आले. अंबरनाथच्या कारखान्यातून थेट, अंगावर खाकी कपडे तसेच. माझ्यावर नेमके लिहिलेले होते, ‘मिस्टर झुंजुरके वॉज बीटन बाय द पोलीस’. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण गेटपासवर इंग्रजीत छापलेले आपले नाव ओळखता येत होते.

“कुंदे, हे आपलंच नाव ना? काय लिहिलंय?”

सरांचा चेहरा पडला. कुंदाने माझ्याकडे पाहिले, मग वडिलांकडे.

“लिहिलंय, की झुंजुरके रोज वेळेवर कामाला जातात.”

शिवराम सरांकडे वळले. “सर, कारखान्यात आम्हाला नंबरने हाक मारतात हो. तुम्ही एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलंत.” मग मुलीकडे वळून म्हणाले, “एवढा मान देतात आणि तू क्लास सोडते म्हणतेस? उद्यापासून मुकाट्याने यायचं.”

ते सरांना नमस्कार करून गेले. सरांना तो नमस्कार झेपला नाही. त्यांनी मला स्वच्छ पुसले, खडू कुंदाच्या हातात दिला आणि खाली मान घालून म्हणाले, “बाळ, वडिलांना जे सांगितलंस, ते इंग्रजीत लिही.”

तिने अडखळत लिहिले. या वेळी कोणीही हसले नाही. ऑक्टोबरात ती सुटली.

पुढे भिंतीवर नवा फळा आला आणि मी चिखलोलीला सरांच्या नव्या घराच्या गच्चीत येऊन पडलो. रंग उडाला, एका कोपऱ्याला वाळवी लागली. मला पुन्हा रंगवा, असे माझे मागणे नाही. मित्रांनो, फळ्यावर कोणाचेही नाव लिहाल, तेव्हा तो माणूस कामावरून थकून आला आहे, दारात उभा आहे आणि आपले नाव वाचतो आहे, असे समजून लिहा.