किल्लीवाल्याचं दार

“दाराला हात लावलास तर चोर म्हणून आत घालीन!” मास्तरांचा धाकटा भाऊ उंबऱ्यात उभा राहून ओरडला.

मास्तरांना स्मशानात पोचवून किल्लीवाला परतला, तर स्वतःच्याच दाराला नवं लॅच. अर्ध्या आयुष्याचा संसार आत आणि हा जिन्यात. खरं तर किल्लीवाला नुसता शिंकला तरी गल्लीतली कुलपं उघडायची, अशी त्याची ख्याती. सगळी नसतील उघडत. एखाददुसरं हट्टी निघत असेल. पण गावात कुलपाचा दुसरा माणूसच नव्हता. त्यामुळे धाकट्याने, थोरल्या भावाच्या अंत्यविधीला दांडी मारून, बोटं चेचून घेत, ते लॅच स्वतःच बसवलं होतं. वर पोलिसालाही बोलावून ठेवलं होतं.

“कायदा बदललाय, हे खरं,” पोलीस कान कोरत म्हणाला. “दोन पुरुष एकत्र राहिले तर आता आम्ही धरत नाही.”

“उपकार झाले. मग जाऊ द्या घरात.”

“कोण म्हणून? बायको म्हणून?”

अख्खा जिना खदखदला. वरच्या मजल्यावरच्या काकू सारख्या किल्ल्या हरवायच्या आणि हा फुकटात दार उघडून द्यायचा. त्या तर हसताना कठड्यावरून खाली यायच्याच बाकी होत्या.

“घर मास्तरांचं, आता त्यांच्या भावाचं. कायद्याने तू कोणीच नाहीस, बाबा,” पोलीस म्हणाला.

“ऐकलंस?” धाकट्याला चेव आला. “आमच्या घराण्याला काळं फासलंस. आता बघ, दार कसं बंद होतं ते!” तो बाहेर आला आणि त्याने दार असं आपटलं, की पलीकडच्या गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसली म्हणे.

तमाशा बघायला आधीच जिन्यात आलेली त्याची बायको मागून हळूच म्हणाली, “अहो, किल्ली टेबलावर राहिली.”

“तुझ्याकडची दे.”

“तीही तिथेच. आणि गॅसवर दूध आहे.”

धाकट्याने दाराला खांदा दिला. दाराला काही झालं नाही, खांद्याला झालं. खालच्या फटीतून करपल्याचा वास आला, मागोमाग धूर.

“बघतोस काय रे मेल्या? उघड!” काकू किंचाळल्या.

“चोर ठरेन ना, काकू.”

“मी सांगतोय, उघड,” पोलीस खेकसला.

“कोण म्हणून?”

शेवटी धाकटा फरशीकडे बघत पुटपुटला, “किल्लीवाला म्हणून.”

किल्लीवाल्याने खिशातून तार काढली. दार उघडलं. भरल्या धुरात कुठेही न चाचपडता त्याने गॅस बंद केला, खिडकी उघडली, काळं पडलेलं भांडं मोरीत ठेवलं. ओट्यावर त्याचा हात क्षणभर तसाच राहिला.

“झालं ना? ये बाहेर,” दारातून धाकट्याचा आवाज आला. “मजुरी किती तुझी?”

“घरच्या कामाची घेत नाही मी.”

तो बाहेर आला. हसायला कोणी पुढे झालं नाही. धाकट्याने दार लोटलं, पण पुरतं लावायचा धीर त्याला झाला नाही. राहिलेल्या फटीतून मास्तरांच्या खुर्चीची पाठ दिसत होती. किल्लीवाल्याने चप्पल पायात सरकवली आणि त्या खुर्चीकडे बघत बघत, कठडा धरून, तो एकेक पायरी उतरत गेला.