राखेतला हात

"गार आहे. चला आता," मिस्त्री म्हणाले, आणि राखेतला हात काढून त्यांनी विजारीला पुसला.

तेव्हा कुठे मंडळी उठली. घरचा रिवाजच होता तो. वसंतात झाडांना कोवळी पालवी फुटली, की मिस्त्री, त्यांची बायको, लेक, जावई आणि नात असे पाचजण तंबू घेऊन तळ्याकाठी दोन दिवस मुक्कामाला यायचे. मासे धरायचे, तीन दगडांच्या चुलीवर भाजून खायचे. पण चूल विझवल्यावर मिस्त्रींचा हात राखेत जाऊन निकाल लागल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही.

जावयाने बादली उचलली. "बाबा, थोडं पाणी ओततो. वारं सुटलंय."

"ओता की. मग दुपारी ओल्या चुलीवर मासे तुम्हीच भाजा. फुंकून फुंकून डोळे बाहेर आले की मला हाक मारा."

"तसं नाही, पण—"

"जावईबापू, तुमच्या टपाल कचेरीत येऊन मी कधी शिक्के मारलेत का?"

लेक खुदकन हसली. जावयाने मुकाट्याने बादली खाली ठेवली. एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यातला बॉयलर सांभाळलेला माणूस. त्याला आगीचं कोण शिकवणार? नवी पोरं भट्टीपाशी गेली की आधी काट्याकडे बघायची. मिस्त्री नुसता तळवा पुढे करायचे आणि सांगायचे, "अजून अर्धा तास." अर्ध्या तासाने काटाही तेच सांगायचा. "काटा खोटं बोलेल, कातडं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरात ते इतक्यांदा ऐकून झालं होतं, की नातही बोबडी असल्यापासून म्हणायची.

"येतेस ना गं?" मिस्त्रींनी बायकोला विचारलं.

"तुम्ही जा. ती उतरण मी उतरेन, पण वर यायला मला चार खांदे लागतील. मी पडते जरा." ती गुडघे चोळत तंबूत शिरली. तंबू चुलीपासून दहा पावलांवर होता. मधे गेल्या वर्षीचा पाचोळा पडला होता, पायाखाली पापडासारखा मोडणारा.

तळ्याचं पाणी निवांत होतं. लेक आणि जावई पलीकडच्या खडकावर गळ टाकून बसले. मिस्त्री नातीला घेऊन अलीकडे बसले. नऊ वर्षांची पोर, पण गांडूळ हातात धरायला जराही बिचकत नव्हती.

"आजोबा, याला दुखत असेल का?"

"त्यालाच विचार."

"तो काय सांगणार! तुम्ही लावा, मी बघते."

मिस्त्रींनी गळ हातात घेतला. बोटांत गळ आहे की नाही, हे त्यांना बघून ठरवावं लागलं. हिवाळ्यापासून हे सुरू झालं होतं. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या आणि काहीच उरलं नाही. सदऱ्याची बटणं आरशात बघून लावावी लागायची. डॉक्टरने सुई टोचून विचारलं होतं, "इथे कळतंय? इथे?" जुनी साखर अंगात मुरली म्हणाला, गोळ्या दिल्या, आणि गरम वस्तूंना जपायला बजावलं. तो कागद मिस्त्रींनी पान्या-पकडींच्या पेटीत सगळ्यात खाली घातला. घरात कळलं असतं तर काय झालं असतं? कोणी रागावलं नसतं. नुसतं म्हणाले असते, "बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो." हे "तुम्ही बसा" त्यांना नको होतं. निवृत्तीनंतर घरात त्यांच्या शब्दावाचून अडणारं असं एवढं एकच काम उरलं होतं.

"आजोबा, रक्त!"

गळाचं टोक त्यांच्या अंगठ्यात रुतलं होतं. त्यांनी ते शांतपणे काढलं. "काही नाही गं. म्हाताऱ्याचं रक्त, पाण्यासारखं येतं."

नातीने त्यांचा हात ओढून पालथा केला, मग उताणा. "आणि हे काय? हे फोड कसले?"

मिस्त्रींनी पाहिलं. चारही बोटांच्या पेरांवर आणि तळव्याच्या कडेला पांढुरके, पाण्याने तट्ट फुगलेले फोड आले होते. सकाळी उठल्यावर हात स्वच्छ होता. त्यानंतर हात गेला होता एकाच ठिकाणी.

राखेत हात घातला तेव्हा काही लागलं नव्हतं. एकतीस वर्षं ‘काही लागलं नाही’ याचा अर्थ एकच होता, गार. जिभेवर शब्द आपोआप आला होता.

"आजी तंबूत आहे," ते म्हणाले.

"हो. झोपली असेल."

मिस्त्री उठले आणि पळत सुटले. पासष्टीचा माणूस ती चढण चार ठिकाणी हात टेकत चढला. अर्ध्यावर धुराचा वास आला. मागून लेकीची हाक आली, "बाबा! काय झालं?" पण त्यांना बोलायला दम नव्हता.

वर पोचले तेव्हा बायको उभी होती. हातात ओली सतरंजी, केस सुटलेले, आणि ती जमिनीवर असे काही तडाखे हाणत होती, की जणू जन्माचा राग काढत होती. चुलीपासून तंबूपर्यंत पाचोळ्यातून काळा पट्टा ओढला गेला होता. तंबूचा एक कोपरा जळून गोळा झाला होता. बादली रिकामी होऊन लोळत होती. जावयाने भरून ठेवलेली तीच बादली.

आग विझली होती. मिस्त्रींनी तरी पायाने पाचोळा दूर सारला, माती लोटली. बायकोने सतरंजी टाकली आणि त्यांच्याकडे वळली.

"गार होतं ना?"

मिस्त्रींची नजर तिच्या हातावर गेली. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंतची लव जळून गेली होती. एवढ्यात बाकीचे धापा टाकत पोचले.

"तरी मी म्हणत होतो—" जावयाने सुरुवात केली. लेकीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"आजोबांचा हात भाजलाय," नात म्हणाली.

लेकीने हात धरला. बघून तिचा चेहराच उतरला. "बाबा, एवढा चटका बसला, आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बसला नाही."

"बसला नाही काय? हे काय आहे मग?"

"बसला असेल. मला कळला नाही." मिस्त्री खाली दगडावर बसले. "हिवाळ्यापासून कळत नाही. डॉक्टरचा कागद पान्यांच्या पेटीत आहे."

वाऱ्याने राख थोडी उडाली, तशी सगळ्यांनी चुलीकडे पाहिलं.

"म्हणजे ही आत झोपली होती," ते बायकोकडे न बघता म्हणाले, "आणि मी तिला राख गार आहे म्हणून सांगून गेलो."

बायकोने पदराने तोंड पुसलं. "झोपले नव्हते. त्या उशीने मान धरली होती, म्हणून वाचले. तुमच्या बॉयलरने नाही, तुमच्या त्या दगडासारख्या उशीने वाचवलं मला." मग लेकीला म्हणाली, "बघतेस काय? मलम काढ. आणि मासे मिळाले का, की नुसतेच पळत आलात?"

मासे मिळाले होते, तीन. ते तळ्यावरच राहिले होते, जावई जाऊन घेऊन आला.

दुपारी चूल पुन्हा पेटवायची होती. मिस्त्रींच्या हाताला पट्टी होती. जावयाने काड्यापेटी घेतली, सरपण रचलं, तीन काड्या फुकट घालवल्या आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मिस्त्रींना राहवेना.

"मोठी लाकडं वर कशाला? आधी बारीक ढलप्या. वाऱ्याकडे पाठ करा. शिक्का नाही मारायचा, काडी नुसती टेकवायची."

लाकडांनी पेट घेतला. मीठ चोळलेले मासे भाजले, निखाऱ्यांत बटाटे पुरले. नातीने बटाटा सोलून आजोबांना दिला, आणि देण्याआधी स्वतः फुंकून, गालाला लावून पाहिला. त्यांनी तो निमूटपणे घेतला.

एक दिवस आधीच परतायचं ठरलं. तसं कोणी बोलून ठरवलं नाही, पण लेकीने तंबूची दोरी सोडायला घेतली आणि सगळे सामान बांधायला लागले. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. चूल विझली. पिशव्या खांद्यांवर गेल्या, आणि मग सवयीने सगळे थांबले. चुलीभोवती गोल करून, मिस्त्रींकडे बघत. आपण थांबलोय हे लक्षात आल्यावर जावयाने दुसरीकडे पाहिलं.

मिस्त्री उठले. त्यांनी बादली घेतली, तळ्यावर गेले, भरून आणली आणि चुलीत ओतली. राख फसफसली. मग बायकोला म्हणाले, "तू हात घाल."

"मी?"

"दुसरं कोण? चाळीस वर्षं चुलीपाशीच आहेस."

"आज आठवलं होय!" ती म्हणाली. पण गुडघे धरत, कण्हत ती खाली बसली आणि तिने राखेत हात घातला. बराच वेळ ठेवला. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. एकतीस वर्षांत काट्याकडेही त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

"खाली ऊब आहे अजून."

मिस्त्री पुन्हा तळ्यावर गेले. जावई बादली घ्यायला पुढे झाला, त्यांनी दिली नाही. दुसरी बादली ओतली. तिने हात घातला, मान हलवली. ते तिसऱ्यांदा उतरले. पिशव्या पुन्हा खाली ठेवल्या गेल्या.

चौथ्या खेपेला तिने हात कोपरापर्यंत चिखलात घातला, तळाशी चाचपलं, आणि म्हणाली, "गार."

मिस्त्रींनी मान डोलावली. बादलीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते तिच्याजवळ उकिडवे बसले. तिने काळा झालेला हात पुढे केला आणि ते त्यावर बेताबेताने पाणी घालू लागले.

"पाणी फार गार नाही ना गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "घाला."