चमच्याची दांडी

जाड नक्षीदार कागदाची घडी घालण्याआधी बोथट टोकाने रेघ दाबून घ्यावी लागते, नाहीतर कागद तडकतो. धाकटी सून संपलेल्या बॉलपेनने भराभर रेघा ओढायची. तिचे अल्बम आणि गिफ्ट बॉक्स पाहून लोक म्हणायचे, "काय हात आहे!" आणि लगेच बाई हरभऱ्याच्या झाडावर.

मागच्या आठवड्यात एका कागदावर तेलकट बोट उमटलेलं दिसलं आणि ती सासूवरच तडकली, "आई, माझ्या कामाला हात लावत जाऊ नका!"

त्यानंतर मात्र घातलेली प्रत्येक घडी फाटू लागली. सून तरातरा कागदवाल्याकडे गेली आणि भरल्या दुकानात त्याला फैलावर घेतलं, "हलका माल माझ्याच गळ्यात मारता होय?"

त्याने शांतपणे त्याच गठ्ठ्यातला कागद काढला, रेघ नीट दाबली आणि घडी घातली. घडी सुरेख बसली.

"ताई, कागद तोच आहे. हात बदललाय का?"

गिऱ्हाइकं हसली. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन तिने विकायचा राहिलेला एक जुना बॉक्स उलगडला. तिच्या प्रत्येक फिकट रेघेवर दुसरी, खोल रेघ होती.

"आई, या रेघा तुम्ही...?"

"तू दुपारी पडायचीस ना, तेव्हा चमच्याच्या दांडीने दाबायचे," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "पण आता नाही हो हात लावत. चमचासुद्धा घासून जागेवर ठेवलाय."